जाकिटाच्या खिशातलं वजन

येरवडा, पुणे
मंगळवार, दुपार

प्रिय अमू,

सप्रेम जयभीम.

आधी बातमी. बाबांची चौथी केमो आज झाली नाही. हे मला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, दारात उभ्या उभ्या नाही, खुर्चीत बसवून. वजन आणखी उतरलं आहे. श्रद्धा सिस्टरनं त्यांना दोनदा काट्यावर उभं केलं आणि दुसऱ्या वेळचा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला. तो कमी का आला ते पुढे लिहिते, एका ओळीत सांगण्यासारखं नाही ते. पुढच्या मंगळवारी पुन्हा रक्त, पुन्हा वजन. एवढं पक्कं आहे. बाकी जे लिहिते त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं, काही ऐकलेलं आणि काही नुसती माझी भीती आहे. कुठलं काय ते तुला कळेल असं लिहायचा प्रयत्न करते.

फोन असताना आई कुरिअर का करते, असं तुला वाटेल. फोन रोज होतो, पण तो स्पीकरवर होतो आणि बाबा शेजारी बसलेले असतात. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मोबाइलवरची बारीक अक्षरं मला नीट दिसत नाहीत, म्हणून तुझे मेसेज तेच वाचून दाखवतात आणि उत्तरंही तेच टाइप करतात. 'आई म्हणते सगळं ठीक, काळजी नको' असं जे तुला अधूनमधून येतं, त्यातली आई मी नाही. कागदावर मला हवं तेवढं मोठं अक्षर काढता येतं. आत्ता ते हॉलमध्ये खुर्चीत झोपले आहेत, कूलरचा आवाज चालू आहे आणि मी ओट्यापाशी उभ्यानं लिहिते आहे. पत्ता मुद्दाम तुझ्या ऑफिसचा घालणार आहे. कोपऱ्यावरचा कुरिअरवाला म्हणतो, आज संध्याकाळी दिलं तर बेंगळुरूला गुरुवारी पोचतं.

बातमी आधी आणि ती कुणी दिली ते लगेच, ही माझी रेडिओवर बातम्या करायच्या दिवसांतली खोड. घरातही मी ती सोडली नाही. तू शाळेतून येऊन म्हणायचीस, उद्या सुट्टी आहे. मी विचारायचे, कुणी सांगितलं? तू म्हणायचीस, बाईंनी. मी विचारायचे, बाईंना कुणी सांगितलं? मग तू दप्तर आपटायचीस आणि बाबांकडे जायचीस. ते म्हणायचे, 'जया, पोरीला न्यूजरूममध्ये नको बसवू.' पण त्यांचं तरी काय वेगळं होतं? आयुष्यभर वजनमापे निरीक्षक. कुणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की त्यांचं एकच, 'काट्यावर घाल, मग बोल.' आपल्या घरात कधी गंडेदोरे आले नाहीत, अंगारे आले नाहीत, कुणा बुवाचा फोटो आला नाही. तुझ्या आजोबांनी छप्पन्न साली नागपूरहून येताना जे मागे टाकलं ते टाकलं. मला अभिमान होता की या घराला कुणी फसवू शकत नाही. म्हणूनच हे आतून पोखरल्यासारखं झालं आहे.

डिसेंबरात आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू इथंच होतीस. गाठ पूर्ण काढली, आता उरलंसुरलं मारायला केमो, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांसमोर सांगितलं. मग बाबांनीच तुला परत पाठवलं. 'मी काय पाळण्यात आहे? रजा संपवून इथं बसून तू करणार काय? माझं तोंड बघणार?' तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली, म्हटलं, जा. तू गेलीस तेव्हा रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते गॅलरीत उभे होते, पोटावर हात धरून.

पहिल्या दोन केमो बऱ्या गेल्या. तोंडाला चव नव्हती. ते म्हणायचे, 'पितळेचं वजन जिभेवर ठेवल्यासारखं लागतं.' पण थोडं थोडं जेवायचे. हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ नम्रता मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की शिजवलेलं, गरम, घरचं सगळं चालेल. अंडं, वरण, दूध, तूप घातलेली खिचडी, केळं. गोड खावंसं वाटलं तर गोडसुद्धा. साखरेचा आजार नाही तुम्हाला, फक्त उपाशी राहू नका. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात चहातली साखर बंद केली. मी म्हटलं, असू दे, वयाला बरंच आहे. मग दूध बंद झालं. मग भात. मग पोळी. फळांनाही नको म्हणायला लागले. चौदा एप्रिलला त्यांच्या ऑफिसातले जुने मित्र पेढे घेऊन आले. सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाटले आणि आपला पेढा मुठीत धरून ठेवला. पाहुणे गेल्यावर तो हळूच डब्यात परत टाकताना मी पाहिलं.

विचारलं की म्हणायचे, भूक नाही. केमोनं भूक जाते हे मलाही माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले. ताट घेऊन ते गॅलरीत बसायला लागले, म्हणायचे, आत गुदमरतं. ताट रिकामं येत होतं, म्हणून मला धीर होता. एके दिवशी खालच्या मजल्यावरचे वैजनाथ जिन्यात भेटले. म्हणाले, 'वहिनी, तुमच्याकडे काय डोहाळजेवण चालू आहे का? आमचा शेरू घरचं खाईना झालाय. तुमच्या गॅलरीखाली शेपूट हलवत बसून असतो आणि फुगतोय नुसता.' मी हसले. जिना चढताना हसू गेलं. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत असते, चमच्याचा आवाज तोंडाकडे जातो की नाही. असा काही वेगळा आवाज असतो का ते मला माहीत नाही, पण ऐकत असते. आंघोळीच्या वेळी पाठ चोळायला गेले तर साबण हाडांवरून अडखळत जातो.

तिसरी केमो वेळेवर झाली, असं तुला सांगितलं होतं ना? ती एक आठवडा पुढे गेली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत्या आणि वजन उतरलं होतं. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, 'काका, आणखी उतरलं तर मला औषध देता येणार नाही. दाखल करून नाकातून नळीनं खायला घालावं लागेल.' बाबांनी बाहेर येऊन मला बजावलं, अमूला यातलं एक अक्षर सांगायचं नाही.

या मधल्या काळात मी एकटी एका ठिकाणी जाऊन आले, तेही तुला सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमधूनच पत्ता मिळाला होता. सदाशिव पेठेत एका क्लासच्या वर, दोन जिने चढून, कॅन्सरच्या पेशंटांसाठी आणि घरच्यांसाठी एक खोली चालवतात. दारावर पाटी आहे : 'चपला ओळीत ठेवाव्यात. ऐकीव माहितीही चपलांसोबत बाहेरच ठेवावी.' वाचून बऱ्याच दिवसांनी मला खरं हसू आलं. आत तुळजाबाई म्हणून एक बाई बसतात. त्यांचा स्वतःचा स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला. मी म्हटलं, पेशंट मी नाही, माझे मिस्टर आहेत, ते यायला तयार नाहीत. त्या म्हणाल्या, 'मग तुम्ही या की. घरच्यालाही आजार होतोच ताई, फक्त रिपोर्टात येत नाही.' मला एकदम रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि रडू दिलं. घाई केली नाही, धीर देणारी वाक्यंही बोलल्या नाहीत.

तिथं मराठीत पुस्तिका ठेवल्या आहेत. केमोच्या काळातलं जेवण, थकवा, झोप, घरच्यांनी स्वतःला कसं सांभाळावं, अशा. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर ती कुणी लिहिली, कुठल्या डॉक्टरांनी तपासली, कुठल्या वर्षी, आणि शंका असेल तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, ते छापलेलं आहे. तुळजाबाई म्हणाल्या, आधी ते शेवटचं पान वाचा. जिथं शेवटचं पानच नाही ते वाचू नका, आणि जिथं शेवटी डबा विकायला काढलाय ते तर मुळीच नाही. मी दोन पुस्तिका आणल्या आणि टीपॉयवर ठेवल्या. बाबांनी त्या उलटूनही पाहिल्या नाहीत. तेव्हा मला कळायला हवं होतं की त्यांना वेगळं कुणीतरी काहीतरी सांगितलेलं आहे, आणि ते सांगणारं माणूस छापील पुस्तकापेक्षा त्यांना जवळचं आहे.

आता आजचं. सकाळी निघताना त्यांनी जाकीट घातलं. हा मे महिना, घरातून बाहेर पडलं की डोळे दिपतात, आणि हे जाकीट. मी म्हटलं, अहो, काढा ते, घाम येईल. म्हणाले, 'एसीत थंडी वाजते.' मला खरं वाटलं, कारण आताशा त्यांना थंडी वाजतेच. हॉस्पिटलमध्ये श्रद्धा सिस्टर नेहमीसारखी काट्यापाशी उभी होती. चपला काढा काका, या. ते उभे राहिले. आकडा गेल्या वेळेपेक्षा थोडा वरच आला. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. पण ती बाबांकडे बघत होती. ती गेले चार महिने त्यांना बघते आहे. गालाची हाडं वर आलेली तिला दिसतात. तिनं सहज विचारलं, 'काका, उन्हाळ्यात जाकीट?' आणि ते काढायला मदत करायला म्हणून हात लावला. जाकीट एका बाजूला ओढलं गेलं आणि लोंबलं.

अमू, त्यांच्या दोन्ही खिशांत वजनं होती. एका खिशात किलोचं, दुसऱ्यात अर्ध्या किलोचं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं दिलेल्या मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं. तीच, ज्यांना तू लहानपणी हात लावलास की ते म्हणायचे, बोटांच्या घामानंही फरक पडतो. तुझ्या वाढदिवसाला ते तुला ऑफिसात नेऊन तपासणीच्या काट्यावर उभं करायचे आणि मोठ्या गंभीरपणे सांगायचे, 'अमू, गेल्या वर्षीपेक्षा तू अडीच किलो शहाणी झालीस.' आणि मार्केट यार्डातल्या त्या व्यापाऱ्याची गोष्ट तर तू शाळेच्या वक्तृत्वातही सांगितली होतीस. वजन तळातून पोखरून आत लाख भरलेली, वरून रंग लावलेला. बाबांनी ते नुसतं तळहातावर झेललं आणि म्हणाले, हे हलकं आहे. त्या माणसानं चहा मागवला तर तोही घेतला नव्हता. त्या बाबांनी काट्याला फसवायला खिशात वजनं घातली होती.

श्रद्धानं आरडाओरडा केला नाही. तिनं दोन्ही वजनं काढून टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, 'काका, हे काय, इथून थेट मंडईत जायचं होतं का?' बाबा भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, 'प्रमाणित आहेत.' एवढंच. मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. मला त्या माणसाचा राग आला नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर मीही हसले असते. तिनं त्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, 'काका, औषध किती द्यायचं ते मी तुमची उंची आणि वजन धरून काढतो. वजन तुम्ही खोटं दिलंत तरी औषध खरंच असणार आहे, आणि ते तुमच्या खऱ्या शरीरात जाणार आहे.' बाबा म्हणाले, 'तुम्ही पुढे ढकलाल म्हणून.' त्यांचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मला समजलं की त्यांना केमो टाळायची नव्हती. त्यांना ती हवी होती. त्यांना जगायचं आहे, अमू. इतकं जगायचं आहे की आयुष्यभर जे केलं नाही ते त्यांनी आज केलं. मी बाजूच्या खुर्चीत बसून पर्सचा बंद पिळत राहिले.

मग नम्रता मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, काय काय सोडलंत? बाबा सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या. त्यांनी विचारलं, का? म्हणाले, 'साखरेवर गाठ पोसते. भात, पोळी, दूध, फळं, सगळ्याची शेवटी साखरच होते. तिला उपाशी ठेवायचं.' मॅडम म्हणाल्या, 'काका, शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते, तुमचं हृदयसुद्धा. तुम्ही नाही दिलीत तर शरीर ती स्वतःच तयार करतं, तुमच्या स्नायूंतून. गाठीला तुम्ही उपाशी ठेवत नाही आहात. तुम्ही स्वतःचे दंड खाताय.' बाबांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. मॅडमनी पुन्हा विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? बाबा म्हणाले, 'वाचलं कुठेतरी.' मी त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात 'कुठेतरी' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

परत येताना रिक्षात बंडगार्डनच्या पुलावर सिग्नलला थांबलो होतो. वजनं माझ्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर जड लागत होती. मी विचारलं, 'अहो, कुणी सांगितलं?' ते नदीकडे बघत राहिले. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, आणि मग म्हणाले, 'अमूनं.' पूल उतरताना पुन्हा म्हणाले, 'तिला काही बोलू नकोस. पोर तिकडे ऑफिस करून तासन्‌तास वाचत बसते माझ्यासाठी. मी तिला येऊ दिलं नाही. मग एवढं तरी तिचं ऐकायला नको?'

तू त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होतास म्हणे. घरी आल्यावर मी तो लावायला सांगितला, आवाज मोठा करून. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे आलेख, लाल बाण. बोलणारा इतका शांत आणि इतका खात्रीनं बोलतो की मलासुद्धा मध्येच वाटलं, खरंच असेल. तुझ्या खालच्या दोन ओळीही त्यांनी वाचून दाखवल्या : 'बाबा, हे सायंटिफिक आहे. प्लीज माझ्यासाठी करा.' मी त्यांना म्हटलं, शेवटपर्यंत जाऊ द्या, आणि काय लिहिलेलं येतं ते वाचा. शेवटी त्या माणसाचं पूर्ण नाव नव्हतं, हॉस्पिटल नव्हतं, वर्ष नव्हतं. एक डबा होता, आणि तो मागवायचा नंबर. बाबा म्हणाले, 'डबा अमूनं मागवायला सांगितला नव्हता.' जणू मी तुझ्यावर आरोप केला होता आणि ते तुझे वकील होते.

म्हणून आधीच लिहिते, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू तिथं एकटी बसून काय काय वाचत असशील, कशाकशाला घाबरत असशील, हे मी ओळखू शकते. आम्ही तुला करण्यासारखं काही ठेवलंच नाही. ये म्हटलं नाही, रिपोर्ट पूर्ण दाखवले नाहीत, रोज 'ठीक आहे' म्हटलं. ज्याला काहीच करू देत नाहीत तो मिळेल ते करतो. तू व्हिडिओ पाठवलास आणि त्यांनी भात सोडला. तुम्ही दोघं एकमेकांसाठी झटत होता, आणि मधे बसून शेरू खात होता. या वाक्यावर तुला हसू आलं तर हस. मलाही मघाशी आलं.

मी आल्या आल्या मऊ भात टाकला, वरण केलं, तूप घातलं. ताट समोर ठेवून म्हटलं, आता तरी जेवा, डॉक्टर आणि मॅडम दोघांनीही सांगितलंय. त्यांनी चार घास खाल्ले. माझ्यासाठी खाल्ले, पोटासाठी नाही. पाचवा घास हातातच राहिला. म्हणाले, 'आणि अमूचंच बरोबर असलं तर?' मी वाद घातला नाही. डॉक्टरांनी सांगून झालं, मॅडमनी सांगून झालं, पुस्तिका टीपॉयवर पडल्या आहेत. माझं तर ते छत्तीस वर्षं ऐकून घेतात आणि आपलं करतात.

रेडिओवर आमचे वरिष्ठ होते भीमराव म्हणून. बातमी चुकली तर ते ओरडायचे नाहीत, पण एका बाबतीत ऐकायचे नाहीत. म्हणायचे, ज्या आवाजात चूक गेली त्याच आवाजात दुरुस्ती जाईल. दुसऱ्यानं वाचली तर ऐकणाऱ्याला ती दुसरीच बातमी वाटते, आणि पहिली तशीच मनात राहते. अमू, हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. आधी माझी दुरुस्ती : सगळं ठीक नाही, आणि तू जा म्हणून मी जी मान हलवली होती ती मी मागे घेते. ये. आता तुझी दुरुस्ती तुझ्याच आवाजात लागेल, आणि ती फोनवर नको. फोनवर ते 'बरं बरं' म्हणतील आणि ताट घेऊन गॅलरीत जातील. समोर बसून सांग. रडू नकोस, माफी मागू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. यायच्या आधी त्या पुस्तिकेवरच्या नंबरवर तू स्वतः फोन कर, तुझ्या सगळ्या शंका विचार, नंबर मी या पानाच्या मागे लिहिला आहे. मग त्यांना एवढंच म्हण, बाबा, मी पुन्हा विचारून आले, ते खरं नव्हतं. आणि त्यांच्या ताटाशेजारी आपलं ताट मांड. सोमवारी बुद्धपौर्णिमा आहे. शरीर उपाशी ठेवून काही हाती लागत नाही, हे सिद्धार्थाला खिरीच्या वाटीनं कळलं, ही गोष्ट दर पौर्णिमेला त्यांनीच तुला सांगितली आहे. या वर्षी तू त्यांना सांग. मंगळवारी सकाळी श्रद्धा सिस्टर त्यांना काट्यावर उभं करेल. आकडा आजच्यापेक्षा खाली गेला नसेल आणि रक्त बरं आलं तर केमो त्याच दिवशी. नाहीतर दाखल करून नळी. हे डॉक्टरांनी सांगितलं आहे. जाकीट मी भिजत घातलं आहे, वजनं पेटीत परत ठेवली आहेत. तू शुक्रवारी येशील असं अजून कुणीच सांगितलेलं नाही. तरी दूधवाल्याला मी जास्तीचं दूध सांगून ठेवलं आहे.

दाराकडे कान लावून असलेली,
तुझीच,
आई